दोन्ही बरण्या नापास

माझ्या आत्याला सगळे गांधील म्हणायचे, आणि ते नाव तिला माझ्या वडिलांनी, म्हणजे तिच्या सख्ख्या थोरल्या भावानंच दिलं होतं. गांधीलमाशी मधमाश्यांच्या दारात टपून बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्या माशीचे तुकडे करते. मधमाश्या पाळणाऱ्या बाईला याहून वाईट शिवी नाही, हे बाबांना पक्कं माहीत होतं. आत्यानं कधी तक्रार केली नाही. उलट म्हणायची, "गांधील तर गांधील. निदान तुझ्या बापासारखी मिशीला मध लावून बोलत नाही."

या दोघांचं वैर आजोबांनी, म्हणजे त्यांच्या अण्णांनी लावून दिलं, तेही चांगल्या हेतूनं. आजोबांच्या दोन इस्टेटी होत्या. गावाबाहेरच्या उतारावर बासष्ट मधपेट्या, आणि बाजाराच्या रस्त्यावर मध विकायचं दुकान. जाताना त्यांनी पेट्या लेकीला दिल्या, दुकान लेकाला. एकाचं दुसऱ्यावाचून चालायचंच नाही, म्हणजे भावंडं बांधलेली राहतील, असा त्यांचा हिशेब. बांधलेली राहिली खरी, पण एका दाव्याला बांधलेल्या दोन मारक्या जनावरांसारखी. आत्या मध काढणार, बाबा तो गाळून बरण्यांत भरणार, आणि वर आजोबांच्या फोटोचं लेबल लागणार. बोलणं फक्त चिठ्ठ्यांतून. बादल्यांबरोबर आत्याची चिठ्ठी यायची: "गेल्या खेपेच्या दोन बादल्या फुटक्या होत्या. तुझ्या डोक्यासारख्या. धड पाठव." बाबा उत्तर लिहायचे: "मध पातळ आहे. घाई कमी कर, कष्ट जास्त कर."

या चिठ्ठ्यांची ने-आण मी करायचे. मी तेव्हा तिशी ओलांडलेली, नवऱ्याला सोडून माहेरी परतलेली. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून बरण्यांना लेबलं चिकटवायची, हे माझं काम. बाबांनी मला घरात घेतलं, कधी टोचून बोलले नाहीत, आणि त्या उपकाराखाली मी मान वर करत नव्हते. हे आधीच सांगते, कारण पुढे मी जे वागले त्याचं दुसरं काही कारण माझ्याकडे नाही.

पहिली मोठी मर झाली त्या दिवशी मी उतारावर होते. फळबागा फुलल्या होत्या, ऊन चढलं होतं आणि पेट्यांसमोरच्या गवतावर काळसर काहीतरी हलत होतं. जवळ गेले तर माश्या. हजारोंनी. काही मेलेल्या, काही पाठीवर पडून गरगर फिरणाऱ्या, बारीकशी जीभ बाहेर आलेली. आत्या गुडघ्यांवर बसून त्या दोन्ही हातांनी घमेल्यात भरत होती. तिच्या चेहऱ्यावर दुःख वगैरे नव्हतं. दात आवळलेले होते.

"फवारणी," ती म्हणाली. "भर सकाळी. फुलावर माशी बसलेली असताना. चल."

खालच्या मोठ्या बागेचा मालक, त्याला आम्ही बागवालाच म्हणायचो, ओसरीवर बसून न्याहारी करत होता. आत्यानं ते घमेलं त्याच्या ताटावर पालथं केलं. चहाच्या कपात माश्या, पावावर माश्या, त्याच्या मांडीवर माश्या. त्यातल्या काही अजून वळवळत होत्या.

"अहो बाई, वेड लागलंय का तुम्हाला!" तो उडी मारून उठला.

"संध्याकाळी फवारा म्हणून तीनदा सांगितलं. माश्या घरी गेल्यावर. तीनदा."

"माझी माणसं संध्याकाळी घरी जातात. तुमच्या माश्यांसाठी मी त्यांना थांबवू? माझी बाग, माझं औषध. तुमच्या माश्यांना सांगा, माझ्या फुलांवर येऊ नका म्हणून."

"सांगते," आत्या म्हणाली. "एक दिवस खरंच सांगेन. मग बसा फुलं मोजत."

त्यानं कुत्रं सोडलं. आम्ही पळालो नाही, कारण आत्या पळाली नाही. कुत्र्यालाही ती नेहमीची वाटली असावी. दोनदा भुंकून ते परत फिरलं.

पण सगळा दोष एका बागवाल्याचा नव्हता, आणि आत्याला ते कळत होतं. उताराच्या पलीकडचं रानफुलांचं माळरान सपाट करून तिथे गोदामं बांधली गेली. माश्यांच्या अंगाला चिकटून रक्त पिणारा, खसखशीएवढा एक तांबूस किडा पेट्यांत शिरला. त्यानं पिल्लं पोखरली. पंख वाकडे घेऊन जन्मलेल्या माश्या दारातून चालत बाहेर यायच्या आणि खाली पडायच्या. बासष्टाच्या एकेचाळीस पेट्या झाल्या, मग सव्वीस, चौथ्या वर्षी सतरा. रिकाम्या पेट्या आत्यानं जागच्या हलवल्या नाहीत. "असू देत उभ्या," म्हणायची, "येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांत खुपू देत." डोळ्यांत खुपायला तिथे येत कोण होतं? मी आणि पोस्टमन.

मध अर्थातच आटला. पूर्वी हंगामात टेम्पो भरून बादल्या यायच्या. त्या वर्षी मी सगळ्या माझ्या सायकलीवरून, दोन खेपांत आणल्या. बाबांनी चिठ्ठी लिहिली: "हा मध की नमुना? अण्णांनी तुला पेट्या दिल्या होत्या, शवपेट्या नव्हे." ती चिठ्ठी मी आत्याला द्यायला नको होती. दिली. तिनं वाचली, घडी घालून कमरेला खोचली आणि पेट्यांकडे निघून गेली.

इकडे दुकानातली फळी मात्र भरलेलीच राहिली. आठवड्यातून एकदा दुपारी, बाजार सुस्तावलेला असताना, मागच्या दारानं निळी पिंपं यायची. त्यांवर काही लिहिलेलं नसायचं. बाबा स्वतः दार लावून घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर भरलेल्या बरण्यांच्या रांगा उभ्या असायच्या. रंग बरोबर, दाटपणा बरोबर. मी एकदा बोट बुडवून चाटलं. गोड होतं. नुसतं गोड. मध घशात जाताना किंचित खवखवतो, मागे फुलाचा वास राहतो. इथे घशात काहीच घडलं नाही. मी बोट पुसलं आणि आजोबांचा फोटो चिकटवला. एकेक करून दोनशे वेळा.

आत्यानं मला विचारलं, तेही उगाच बोलता बोलता, पेटीतल्या पोळ्याच्या चौकटीवरचं मेण खरवडताना. "दुकानात मध आहे म्हणे भरपूर?"

"मागचा शिल्लक होता," मी म्हणाले.

तिनं सुरी थांबवली. माझ्याकडे पाहिलं. "तुला खोटं बोलायचं वळण नाही. शिकून घे. बापाच्या घरात राहायचंय तर लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ती दुकानात आली. तेवीस वर्षांत तिनं त्या उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता. अंगावर पेट्यांजवळ घालायचा मळका पांढरा अंगरखा, जाळीची टोपी पाठीवर लोंबत होती. दुकानात चार गिऱ्हाइकं. एक म्हातारे गृहस्थ खोकल्यासाठी मध मागत होते. आत्यानं त्यांच्या हातातली बरणी काढून घेतली, झाकण उघडलं, बोट घातलं, चाटलं आणि बाबांच्या गल्ल्यासमोर थुंकली.

"हा मध नाही. हा साखरेचा पाक आहे."

बाबा शांत राहिले. त्यांचा राग नेहमी असा थंड असायचा, म्हणून तर मला त्याची जास्त भीती वाटायची. "गांधीलबाई आल्या," ते गिऱ्हाइकांना म्हणाले. "माझी बहीण. माश्यांबरोबर राहून राहून डोकं फिरलंय."

"अण्णांचा फोटो लावून पाक विकतोस?"

"मग काय विकू? तुझा दोन बादल्या मध चाटत बसू? माश्या तू मारल्यास. दुकान मी जगवलं."

"मी मारल्या?"

"तुझ्याकडे होत्या ना? मग!" बाबा आता गल्ल्यामागून बाहेर आले. "आणि पाकाचं तू मला सांगू नकोस. फुलं नसतात तेव्हा तू माश्यांना काय पाजतेस? साखरेचं पाणी. पोती मीच पाठवलीत दुकानातून. या वर्षी नेहमीपेक्षा पाच पोती जास्त मागवलीस, आणि तीही फुलोरा सुरू होईपर्यंत. मग ते साखरेचं पाणी गेलं कुठे? माशीच्या पोटातून गेलं की मध, आणि माझ्या पिंपातून आलं की पाक, असं का?"

आत्या काहीतरी फाडकन बोलेल म्हणून मी वाट पाहिली. हातातली बरणी तिनं अंगरख्याच्या खिशात घातली आणि निघून गेली. गिऱ्हाइकांना वाटलं ती हरली. बाबांनाही तसंच वाटलं. त्यांनी त्या म्हाताऱ्या गृहस्थांना दुसरी बरणी फुकट दिली.

मी दुपारी उतारावर गेले. आत्या पायरीवर बसली होती. शेजारी दोन बरण्या. एक दुकानातली, दुसरी तिच्या स्वतःच्या मधाची.

"खरं बोलला तो," तिनं मला बसही म्हटलं नाही. "नेहमी फुलोऱ्याच्या महिनाभर आधी मी पाणी बंद करते. या वर्षी केलं नाही. माश्या अशक्त होत्या, म्हणून पाजत राहिले. तिथवर ठीक. पण मग त्या चौकटी बाजूला काढून माश्यांनाच ठेवायच्या होत्या. त्यातला मध पिळायचा नव्हता. मी पिळला."

"का?"

तिनं कमरेची चिठ्ठी काढून माझ्या अंगावर टाकली. शवपेट्यांची. "काही पाठवलं तरी हे लिहितो. रिकाम्या बादल्या कशा पाठवू? त्याला हसायला?"

मला वाटलं, आता ती त्या बरण्या फोडेल किंवा निदान रडेल. तिनं माझ्याकडून चिकटपट्टी मागितली. दोन्ही बरण्यांची तोंडं बंद केली, एकीवर "भाऊ" लिहिलं, दुसरीवर "मी". आणि मला म्हणाली, "जिल्ह्याच्या ठिकाणी अन्न तपासायची सरकारी प्रयोगशाळा आहे. उद्या तिथे जायचंय. तू येणार. साक्षीला माणूस लागतं, आणि मला दुसरं कोणी नाही."

"आत्या, बाबांचं दुकान बंद पडेल."

"पडू दे."

"तुझंही नाव जाईल."

"जाऊ दे. माझी वगळून त्याची दिली तर तो म्हणतो ते खरं ठरेल. मग मी गांधीलच."

मी गेले. बाबांना सांगितलं की मैत्रिणीकडे जाते. खिडकीतल्या कारकुनानं नावं वाचली आणि विचारलं, "'मी' म्हणजे कोण?" आत्यानं स्वतःचं पूर्ण नाव, पत्ता, सगळं खणखणीत आवाजात सांगितलं, जणू कोणी ते तिच्याकडून हिसकावून घेणार होतं. अर्जावर खाली साक्षीदार म्हणून मी सही केली. सही घाईत, गिचमिड आली. तिनं ते पाहिलं आणि म्हणाली, "नीट कर. वाचता आली पाहिजे."

निकाल यायला पाच आठवडे लागले. बाबांच्या बरणीत मध नावालाच होता. आत्याच्या बरणीत बराचसा मध आणि उसाच्या साखरेचा अंश, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त. दोन्ही बरण्या नापास.

ती दोन्ही पत्रं आत्यानं सकाळी दुकान उघडायच्या आत दुकानाच्या काचेवर शेजारी शेजारी चिकटवली, आणि बाजूला उभी राहिली. बाबा आले. आधी स्वतःचं पत्र वाचलं, मग तिचं. तिचं दोनदा वाचलं.

"तू स्वतःच्या तोंडाला काळं फासलंस," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच मला काहीतरी फुटल्यासारखं ऐकू आलं. "माझं नाक कापायला स्वतःचंही कापलंस?"

"तुझं मी कापलं नाही. ते पिंपातून आलं."

मग त्यांनी पत्राला जोडलेल्या अर्जाच्या प्रतीवरच्या माझ्या सहीवर बोट ठेवलं. मी शटरजवळ उभी होते. "ही कोण?" त्यांनी मला विचारलं. "ही सही कोणाची?" पुन्हा विचारलं. मी म्हणाले, "माझी." त्यांनी माझ्या हातातली दुकानाची किल्ली काढून घेतली, अगदी हळू, एकेक बोट सोडवून. त्या दिवसापासून मी उतारावर राहते.

दुपारी अधिकारी आले, पिंपांना सील लागलं, दुकान सात महिने बंद राहिलं. लोकांचं म्हणाल, तर त्यांनी कोणाला सोडलं नाही. वर्षानुवर्षं मध नेणाऱ्या बायका उतारावर चढून आल्या आणि अर्ध्या रिकाम्या बरण्या आत्याच्या फाटकावर आपटून गेल्या. "दोघं बहीणभाऊ मिळून फसवत होते," असंच बोललं गेलं. ती स्वतःहून तपासायला गेली होती, हे कोणाला ऐकायचं नव्हतं. मी एकदोघींना समजवायला गेले, तर आत्या खेकसली, "वकिली करू नकोस माझी. बरणी नापास आहे." काचा मात्र तिनं स्वतः वेचल्या, माश्या सांडलेल्या मधाला येऊन चिकटतील म्हणून.

त्या वर्षी तिनं एक थेंबही मध काढला नाही. घर चालवायला आम्ही दोघी मेणबत्त्या करायचो आणि गोदामवाल्यांच्या पोत्यांना टाके घालायचो. सतरातल्या नऊ पेट्या उरल्या होत्या. त्या नऊही तिनं गाडीवर घालून वरच्या पठारावर नेल्या, जिथे बाग नव्हती, शेत नव्हतं, नुसती काटेरी झुडपं होती. "सांगितलं बरं का मी त्यांना," ती म्हणाली, "त्याच्या फुलांवर जाऊ नका म्हणून."

पुढच्या वर्षी बागवाल्याची झाडं फुलली, फुलं गळली, आणि फांद्या जवळजवळ तशाच राहिल्या. जी फळं धरली ती एका अंगानं फुगलेली, दुसऱ्या अंगानं चेपलेली. त्यानं मजुरांच्या हातात ब्रश देऊन फुलाफुलांवर पराग लावून पाहिला. ते बघायला आत्या मुद्दाम पठारावरून खाली उतरली आणि कुंपणाला टेकून तासभर उभी राहिली. हसली नाही. नुसती बघत राहिली. त्याला तेच जास्त झोंबलं असणार.

त्यानंतरच्या फुलोऱ्याआधी तो पठारावर आला. जाळीची टोपी न घालता आला आणि आल्या आल्या कानामागे डंख खाल्ला.

"पेट्या बागेत ठेवा," तो कान चोळत म्हणाला. "भाडं देतो."

"भाडं नको. फवारणीच्या पंपाच्या खोलीची किल्ली द्या. पहिलं फूल उमलल्यापासून शेवटचं गळेपर्यंत किल्ली माझ्याकडे."

"माझ्या खोलीची किल्ली? तुम्हाला?"

"नाहीतर ब्रश आहेतच."

त्यानं तिला दोन शिव्या दिल्या, त्याही आईवरून. तिनं शांतपणे ऐकून घेतल्या आणि पेटीचं झाकण लावलं. तो खाली गेला. आठ दिवसांनी त्याच्या गड्याबरोबर किल्ली आली, चिठ्ठी नाही, निरोप नाही. आत्यानं ती लोखंडी किल्ली दोरीत ओवून गळ्यात घातली आणि फुलोरा संपेपर्यंत काढली नाही. बागवाला समोर आला की दोघं एकमेकांकडे बघून तोंड फिरवायचे. पण बाग धरली, आणि नऊ पेट्या वाढून चौदा झाल्या. तो किडा अजून आहेच. त्या हंगामाच्या शेवटी त्यानं दोन पेट्या खाल्ल्या. बारा.

बाबांनी दुकान पुन्हा उघडलं होतं, मुरंबे आणि लोणची ठेवून. मधाची फळी रिकामी. बाजारात मध मिळायचा तो बाहेरून आलेला आणि इतका महाग, की लोक औषधापुरता चमचाभर न्यायचे. आणि मग लोकांना एकदम आत्याची आठवण झाली. उतारावर परत आणलेल्या बारा पेट्या भरल्या आहेत, हे कोणीतरी पाहिलं होतं.

बाबा स्वतः आले. केस पांढरे झाले होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. फाटकाबाहेरच उभे राहिले, कारण त्यांना माश्यांची भीती वाटायची. आयुष्यभर मध विकला, पण पेटी कधी उघडली नव्हती. आत्या आणि मी एका पेटीची तपासणी करत होतो. चौकटी पांढऱ्याशुभ्र मेणानं बंद झालेल्या, हातात धरवत नव्हत्या इतक्या जड.

"चार बादल्या दे," बाबा म्हणाले. "तपासून घेऊ. दोघांच्या नावानं विकू. लोक मागतायत."

"या वर्षी मध नाही."

"मग हे काय आहे?"

"हा त्यांचा आहे. फुलं नसतात तेव्हा खायला. मी साखर पाजणार नाही."

"सगळा? एक बादलीही नाही?"

"यांचं पोट भरून उरला तर पुढच्या वर्षी बघू. तेव्हाही तुला देईनच असं नाही."

बाबांनी फाटकाची कडी घट्ट धरली होती. "मी तुझ्या दारात आलोय," ते म्हणाले. "हे कळतंय ना तुला?"

"कळतंय. मीही आले होते तुझ्या दारात. तू गिऱ्हाइकांना सांगितलंस, डोकं फिरलंय."

"गांधील ती गांधीलच," बाबा म्हणाले आणि वळले. उतारावरून खाली जाताना त्यांचा पाय एकदा घसरला. मी नकळत पुढे झाले. त्यांनी मागे न बघताच हात झटकला, कोणी येऊ नये म्हणून, आणि सावरून चालत राहिले.

ते दिसेनासे झाल्यावरही आत्या चौकट हातात धरून उभी होती. माश्या तिच्या मनगटावरून चालत होत्या. मग तिनं चौकट पेटीत सरळ उतरवली, कोणी चिरडलं जात नाही ना हे वाकून पाहिलं, आणि मला म्हणाली, "तोंड काय बघतेस? झाकण दे."

मी झाकण दिलं, आणि आम्ही पुढची पेटी उघडली.